सपाट रेघ

विभावरी धोंगडे यांच्या शेडच्या दारावर ‘शिकाऊ उमेदवार पाहिजेत’ अशी पाटी लागली, की पूर्वी चार-दोन पोरं यायची, महिनाभर काच घासून कंटाळायची आणि पुण्याला नोकरी लागल्याचं सांगून निघून जायची. यंदा पाटी न लावताच अर्जांचा ढीग पडला. त्याला कारण होती एक पट्टी.

विभावरीबाईंचा धंदाच जगावेगळा. नारायणगावाहून जुन्नरच्या रस्त्याला लागलं, की द्राक्षांच्या बागेमागे त्यांची लांबोडकी शेड दिसते. तिथे दुर्बिणींचे आरसे घासले जातात. शाळा, कॉलेजं, हौशी आकाशनिरीक्षक असे सगळे त्यांचं गिऱ्हाईक. धंदा सुरू केला आबांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, आणि एकुलत्या एक लेकीने तो पुढे रेटला. “बाई, आरसे घासून पोट भरतं का हो?” असं कुणी विचारलं, की बाई आपल्या ऐसपैस देहाकडे बोट दाखवून म्हणायच्या, “तुम्हीच सांगा.”

काम दिसायला सोपं. एका उभ्या पिंपावर राळेचा थर द्यायचा, त्यावर गुलाबी पूड पाण्यात कालवून ओतायची, त्यावर जाड गोल काच ठेवायची आणि ती पुढेमागे सरकवत पिंपाभोवती फिरत राहायचं. कित्येक आठवडे. काचेला किंचित खोलगटपणा येतो, आणि तो जिथल्या तिथे यावा लागतो. केसाच्या जाडीचा हजारावा भाग इकडचा तिकडे झाला, तरी दुर्बिणीत ताऱ्याला दाढी फुटते. त्यातही सगळ्यांत वाईट म्हणजे कड पडणं. हात काठावर जरा जड पडला, की काचेची कड खाली झुकते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. ती पडण्याआधी राळ काचेला वेगळीच ओढते. ही ओढ ज्याच्या हाताला कळली, तो कारागीर. “हे शिकवता येत नाही,” आबा म्हणायचे, आणि विभावरीबाईही उभा जन्म तेच म्हणत आल्या होत्या.

शेडची एक रीत मात्र होती. शिकाऊ उमेदवाराच्या पहिल्या आरशाला कुणी हात लावायचा नाही, चूक सांगायची नाही. आरसा कसाही होवो, तो दुर्बिणीत बसवायचा आणि त्यातून त्याने स्वतः एक तारा बघायचा. मग तो आरसा फळीवर. सगळ्यांत वरच्या फळीवर विभावरीबाईंचा स्वतःचा होता. त्यातून त्यांना व्याधाचा तारा फुटलेल्या अंड्यासारखा दिसला होता, आणि चौदा वर्षांची विभा आबांच्या देखत भोकाड पसरून रडली होती.

आता पट्टीबद्दल. आपला हात चुकीच्या वाटेला लागला, की आपल्याला कळायच्या आधी मेंदूला कळतं. चूक होते न होते तोच कपाळामागे विजेची एक बारीकशी लहर उठते. ही गोष्ट शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होती, पण ती मोजायला डोक्याला तारांचं जंजाळ लावावं लागे. मग कपाळावर बांधायची पट्टी निघाली, आणि तिच्या जोडीला मनगटावरची. मनगटाच्या पट्टीत जाणत्या कारागिरांच्या हातांचा दाब, वेग, थरथर, सगळं भरलेलं. नवख्याचा हात त्यापासून ढळला, की ती मनगटाला टिचकी मारी आणि हात जागच्या जागी थांबे. कपाळाची पट्टी चूक-लहरींचा आलेख काढत राही, आणि तिच्यातला बारीक कॅमेरा हाताची हालचालही त्याच आलेखावर टिपे. लहरी कमी होत होत रेघ सपाट झाली, की माणूस तयार झाला असं समजायचं, आणि तसं प्रमाणपत्रही मिळायचं.

दोन-तीन वर्षांत ही पट्टी गावोगाव पोहोचली. सोनारांकडे, बेकऱ्यांत, शिलाईच्या दुकानांत, अगदी जुन्नरच्या सलूनमध्येसुद्धा पोरं कपाळाला पट्टी बांधून दाढ्या करू लागली. वर्षाचं शिकणं पंधरा दिवसांवर आलं. छोट्या धंद्यांना शिकाऊ उमेदवार घेणं एवढं सोपं कधीच नव्हतं.

“आई, आता तुला कायमचा कारागीर हवाय कशाला?” केतकीने बंगळूरहून सुनावलं. पट्टी तिनेच पाठवली होती, जाहिरातही तिनेच दिली होती. “दर सहा महिन्यांनी नवी मुलं घ्यायची, पट्टी बांधायची, आरसे काढायचे. तू इकडे ये, आराम कर. दिवाळीला आले की ठरवून टाकू.”

“बघू,” एवढंच विभावरीबाई म्हणाल्या. जे सांगायला हवं होतं ते त्यांनी पोरीला सांगितलं नाही. साखरेच्या दुखण्याने त्यांच्या बोटांची टोकं बधिर होत चालली होती. गेल्या वर्षी त्यांच्या हातून दोन आरशांची कड पडली. काचच हलकी होती असं सांगून त्यांनी वेळ मारून नेली, पण मनातून त्या हादरल्या होत्या. आबांच्या पिंपाशी उभं राहील असं एक तरी माणूस हात जायच्या आत तयार व्हायला हवं होतं. नाहीतर ही विद्या त्यांच्याबरोबरच संपणार होती, आणि त्यांना दुसरी कसलीच भीती नव्हती.

मुलाखतीला त्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होत्या. “अलीकडे केलेली एखादी चूक सांग.”

नाशिकचा ईशान कुलथे इंजिनीअर होता, गोरागोमटा, हसरा. त्याने प्रामाणिकपणे डोकं खाजवलं. “तशी विशेष काही आठवत नाही, मॅडम.”

ओतूरची निलोफर आतार तासभर उशिरा आली, घामाघूम होऊन. भौतिकशास्त्रात बीएस्सी, वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. प्रश्न ऐकल्याबरोबर ती म्हणाली, “आत्ताच केली की. आळेफाट्यावर उलट्याच जीपमध्ये बसले. बेल्ह्याला जाऊन पोचले.”

“कधी कळलं?”

“खरं सांगू का, काकू? बसले तेव्हाच कायतरी चुकतंय असं वाटलं होतं. पण म्हटलं, एवढी माणसं बसलीयेत, म्हंजे बरोबरच असंल.”

विभावरीबाई मनापासून हसल्या. दोघांनाही त्यांनी ठेवून घेतलं.

जानेवारीत काम सुरू झालं, आणि पट्टीने खरोखर कमाल केली. आबांच्या वेळी पोरं वर्षभर चाचपडायची. इथे व्याध मावळतीकडे कलायच्या आतच दोघांचे पहिले आरसे तयार. एका संध्याकाळी, दिवेलागणीला, शेडमागच्या अंगणात दुर्बीण लावली. ईशानने डोळा लावला आणि ओरडलाच, “टाचणीचं टोक! काकू, एकदम टाचणीचं टोक!” विभावरीबाईंनी बघितलं. दाढी नाही, पडलेली कड नाही, भोवती प्रकाशाची नाजूक कडी. फळीवर ठेवण्याजोगा तो आरसाच नव्हता, विकण्याजोगा होता. त्यांना आनंद झाला, आणि का कुणास ठाऊक, आपलं फुटलेलं अंडंही आठवलं.

निलोफरच्या आरशातूनही तसाच तारा दिसला. ती दुर्बिणीपासून बाजूला झाली आणि आपल्याच हातांकडे बघू लागली.

“काय गं? आवडला नाही का?”

“काकू, ह्यो बिघडला कसा न्हाई?”

“म्हणजे?”

“मला तर काहीच येत नव्हतं. टिचकी बसली की थांबत होते, नाय बसली की चालत होते. मग ह्यो आरसा घासला कुणी?”

ईशान हसला. “अगं, आपली रेघ बघ की! सपाट झालीय. प्रमाणपत्र आलं फोनवर.” त्याने ते आईला पाठवलंसुद्धा होतं. त्यात त्याचं काही चुकलं असं नाही. सगळा महाराष्ट्र तेच पाठवत होता.

दुसऱ्या दिवशी निलोफरने मनगटाची पट्टी सोडून टेबलावर ठेवली. कपाळाची मात्र ठेवली. “टिचकी नको मला. नुसता आलेख निघू दे. मी काम करून झाल्यावर बघीन.”

“काच बिघडेल,” विभावरीबाई म्हणाल्या.

“बिघडंल,” ती म्हणाली, आणि बिघडली. पहिल्या आरशाची कड पडली, दुसऱ्याला मधोमध खड्डा आला, तिसऱ्याला दोन्ही दुखणी एकदम. ईशान तोवर एकामागून एक आरसे पुरे करत होता, तिच्या वाटणीची मागणीही त्यानेच सांभाळली, आणि एका शब्दानेही कधी बोलून दाखवलं नाही. बंगळूरहून मात्र फोन आला. “आई, ती मुलगी काचांची नासाडी करतेय. तिला सोड आणि दुसरी घे, शेकडो अर्ज पडलेत.”

विभावरीबाईंनाही तसं वाटू लागलं होतं. पण एका दुपारी त्या डबा घेऊन शेडमध्ये गेल्या, तर निलोफर लॅपटॉपपुढे बसून सकाळचा आलेख बघत होती. “काकू, हिकडं या. ही लहर बघा. केवढी उंच. आणि मी हात थांबवला कुठं? पार तिकडं. म्हंजे डोक्याला कळलं होतं. मीच ऐकलं न्हाई. बेल्ह्याच्या जीपसारखं.”

“आणि टिचकी होती तेव्हा?”

तिने जुना आलेख काढला. सरळ, गुळगुळीत रेघ. “तेव्हा डोकं झोपलंवतं. टिचकी जागी हाय म्हटल्यावर ते कशाला जागंल?”

विभावरीबाई त्या रेघेकडे बघतच राहिल्या. जिला सगळे तयारी म्हणत होते ती निव्वळ झोप होती, आणि हे या पोरीने कुणी न सांगता, काचा बिघडवून, डोळे फोडून शोधून काढलं होतं. कौतुकाने त्यांचा ऊर भरून आला. डब्यातल्या दोन्ही पुरणपोळ्या त्यांनी तिच्याच पुढ्यात ठेवल्या, आणि त्या दिवसानंतर निलोफरला सोडायची भाषा त्यांनी केली नाही.

आठवडे गेले. लहर आणि थांबणं यांतलं अंतर कमी होत होतं, पण एका जागी येऊन अडकलं ते अडकलंच. मग निलोफर एक दिवस म्हणाली, “काकू, एकदा तुम्ही बांधा ना पट्टी. मला बघायचंय, जाणत्या हाताची रेघ कशी असती.”

पट्टी बांधायचं विभावरीबाई इतके महिने टाळत होत्या, ते काही उगाच नव्हे. मेलेल्या बोटांची रेघ सपाट येणार, आणि ही पोरगी ती ओळखणार. त्यांनी केस धुतलेत म्हणून सांगितलं, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. पण त्याच आठवड्यात त्यांच्या हातच्या आणखी एका आरशाची कड पडली. मग त्यांनी स्वतःच पट्टी उचलली आणि पिंपाशी उभ्या राहिल्या. जे असेल ते एकदाचं कळू दे.

अर्धा तास घासून त्यांनी पट्टी काढली. पडद्यावर मोठ्या लाल अक्षरांत उमटलं होतं: ‘हात अस्थिर. प्राथमिक प्रशिक्षण आवश्यक.’

ईशानला हसू आवरेना. विभावरीबाईही हसल्या, पण त्यांचे डोळे भरून आले होते. निलोफर हसली नाही. तिने आलेख मोठा केला. सपाट तर सोडाच, रेघ नुसती लहरींनी भरली होती, मुंग्यांची रांग चालल्यासारखी बारीक बारीक. आणि प्रत्येक लहरीला चिकटूनच हाताने किंचित वळण घेतलेलं.

“काकू,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही तर सारख्या चुकताय. आणि सारखं सावरताय.”

तेव्हा कुठे विभावरीबाईंनी सांगून टाकलं. “बोटांना काही कळत नाही गं माझ्या. वर्ष झालं. सुई टोचली तरी कळत नाही.”

निलोफर पुन्हा आलेखाकडे वळली. ती म्हणाली, “मग ह्या लहरी येत्यात कुठनं?” दुःख करत बसण्याऐवजी तिने कापूस आणला. “कानात घाला आणि पुन्हा घासा.”

विभावरीबाईंनी घासलं. लहरी निम्म्याने ओसरल्या. कापूस काढला, की परत आल्या. निलोफरने खुर्चीच ओढली आणि धपकन बसली. “तुम्ही ऐकताय! राळ वेगळी ओढती तेव्हा आवाज बदलतो, आणि तो तुमचं डोकं ऐकतंय. उरलेलं कोपरात असंल, खांद्यात असंल. बोटांकडं एवढं काम कधी नव्हतंच.”

“मग कड का पडतेय?”

यावर मात्र विभावरीबाईंनाच उत्तर सुचलं, आणि सुचल्याबरोबर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. बोटांना कळावं म्हणून त्या वर्षभर जास्त जोर देत होत्या. तो जोरच कड पाडत होता. आपला हात गेला या भीतीने त्यांनी स्वतःच आपला हात बिघडवला होता.

उभा जन्म त्या म्हणत आल्या होत्या की हे शिकवता येत नाही. आता त्यांना शिकवायला शब्द सापडला होता, आणि तो एवढा साधा होता की त्यांना आबांची कीव आली. ऐक. त्या डोळे मिटून स्टुलावर बसत, निलोफर घासे, आणि आवाज घोगरा झाला की त्या म्हणत, “हं.” निलोफर थांबे. पुढे पुढे तिचं थांबणं आणि त्यांचं ‘हं’ एकदमच होऊ लागलं. पावसाळाभर आकाश दिसलं नाही, पण त्याने त्यांचं काही अडलं नाही.

दसऱ्याच्या सुमाराला ईशानने मनगटाची पट्टी काढली आणि चोरून एक आरसा घासायला घेतला. दोन दिवसांनी तो स्वतःच घेऊन आला. कड अशी पडली होती, की पाहणाऱ्याला दया यावी. “काकू, सोळा आरसे केले मी, आणि मला काहीच येत नाही,” तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका पडला होता, की विभावरीबाईंनी त्याला जवळ घेतलं. “मलाही बिघडवू द्या ना.”

“बिघडव की. आणि हा तुझा खरा पहिला आरसा. आज तारा बघायचा याच्यातून.”

संध्याकाळी ईशानने अभिजितचा तारा बघितला. ताऱ्याला एका बाजूने भली मोठी दाढी फुटली होती. तो बराच वेळ डोळा लावून होता. मग त्याने तो आरसा पुसून स्वतःच्या हाताने फळीवर ठेवला.

दिवाळीला केतकी आली ती लॅपटॉप, हिशेब आणि ठरवलेलं मन घेऊनच. फराळाचं ताट घेऊन दोघी मायलेकी शेडबाहेरच्या कट्ट्यावर बसल्या. आत निलोफर आबांच्या पिंपाशी एका शाळेचा मोठा आरसा घासत होती. तिच्या कपाळाला पट्टी नव्हती, मनगटालाही नव्हती. काचेचा सळसळता आवाज बाहेर येत होता.

केतकीने दोन आलेख पुढे केले. “हे तूच पाठवलेले. दोन्ही भयंकर आहेत, आई. लहरीच लहरी. कंपनीच्या हिशेबाने ही दोन्ही माणसं कच्ची.”

“एक निलोफरचा, आणि एक माझा आहे.”

“कुठला?”

“तू सांग.”

केतकीने दोन्ही निरखून बघितले, वरखाली केले, पण तिला सांगता येईना. “बरं, ते राहू दे,” ती म्हणाली. “मला एवढंच म्हणायचंय, की तुझ्या पश्चात इथे चूक झाली तर ती कळणार कुणाला? पट्टी निदान चूक होऊ तरी देत नाही. तू नसताना...”

विभावरीबाईंचं लक्ष तिच्या बोलण्यात नव्हतं. आतला आवाज किंचित बदलला होता. जरासा घोगरा, कड ओढल्यासारखा. चकली तशीच हातात धरून त्यांनी मान उचलली. त्यांच्या तोंडून ‘हं’ निघणार, एवढ्यात आतला आवाज थांबला. काच उचलल्याचा, पाण्याचा शिपका मारल्याचा आवाज आला, आणि मग सळसळ पुन्हा सुरू झाली, आता मोकळी.

“काय झालं?” केतकीने विचारलं.

“कडेवर जोर पडत होता.”

“आणि तुला ते इथे बसून कळलं?”

“मला कळलं त्यात काय मोठंसं?” विभावरीबाई म्हणाल्या. त्यांच्या बधिर बोटांनी चकलीचा तुकडा मोडला. “तिला कळलं.”

आतला आवाज केतकी पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकत होती. थोड्या वेळाने तिने लॅपटॉपवर पुढच्या वर्षाच्या शिकाऊ उमेदवारांची जाहिरात उघडली. सपाट रेघेचं प्रमाणपत्र देऊ करणारी ओळ तिने खोडली आणि आईला विचारलं, “त्या जागी काय लिहू?”

“लिही, येताना आपली एखादी चूक घेऊन या,” विभावरीबाई म्हणाल्या. “मुलाखत निलोफर घेईल.”